खापरकातडी

घर भाड्याने देताना मालकाने भाडेकरूची चौकशी करायची, ही जगाची रीत. धामापूरकर सरांनी आमची चौकशी केली.

बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमचं जुनं घर आहे. वर आम्ही राहतो, खालच्या दोन खोल्या भाड्याने देतो. सर जागा बघायला आले ते भर दुपारी, हातात मिटलेली छत्री घेऊन. आल्या आल्या त्यांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, मग दारावर, मग पाण्याच्या टाकीवर. सगळं ऐकून झाल्यावर आमच्याकडे वळले.

"आधीचे भाडेकरू का गेले?"

"बदली झाली त्यांची," आमचे हे म्हणाले.

"कुठे?"

"हुबळीला."

"मग फोन नंबर असेल ना त्यांचा?"

अय्यो! आमच्याच अंगणात उभं राहून आमचीच उलटतपासणी! मी काहीतरी फटकन बोलणार होते, पण सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं. सरांनी खरंच आमच्यासमोर हुबळीला फोन लावला आणि "माणसं बरी आहेत ना?" असं विचारलं. तिकडून काय उत्तर आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सर नुसतं "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सामान घेऊन हजर झाले.

सामान म्हणजे एक लोखंडी खाट, एक शेगडी आणि लाकडी पेट्या. पेट्या इतक्या जड की टेंपोवाला कन्नडमध्ये करवादायला लागला. "काय आहे हो यात?" मी विचारलं. "शिंपले," सर म्हणाले. आता सांगा, एकटा म्हातारा माणूस, पेट्यांना भलीथोरली कुलपं, आणि म्हणे शिंपले! संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. झाडायच्या निमित्ताने मी त्यांच्या खिडकीखाली जरा जास्तच रेंगाळायला लागले. शेवटी एक दिवस सरांनीच हाक मारली, "वहिनी, या. एकेक पेटी उघडून दाखवतो. नाहीतर तुम्हाला झोप यायची नाही, आणि तुमच्या झाडूमुळे मला."

खरोखरच शिंपले होते. तिसऱ्या, खुबे, कालवं, शंख, कवड्या, आणि नावं ठाऊक नसलेले कितीतरी, सगळे कापसात निजवलेले. सर मूळचे मालवणकडचे. जन्मभर गावोगावच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकवलं, शेवटची नोकरी मल्लेश्वरममध्ये झाली आणि बेंगळुरूची हवा मानवली म्हणून इथेच राहिले. समुद्रापासून इतक्या लांब! लग्न केलेलं नव्हतं. "का हो केलं नाहीत?" सासूबाईंनी एकदा सरळच विचारलं. "पुरेशी माहिती मिळाली नाही," सर म्हणाले.

हा माणूस असाच होता. जगात कुणी आपल्याला फसवतंय का, हे बघणं हा त्यांचा पूर्ण वेळचा उद्योग. रिक्षात बसले की मीटरकडे बघत, उतरल्यावर पुन्हा वाकून बघत. दुधाची पिशवी उजेडात धरत. पहिल्यांदा आमच्याकडे कॉफीला बोलावलं तर म्हणाले, "वहिनी, एक पेला गार पाणी आणि चमचाभर पूड द्या." पूड पाण्यावर टाकली आणि डोळे बारीक करून बसले. थोडी वर तरंगली, थोडी तांबडी रेघ सोडत खाली गेली.

"खाली जातेय ती चिकोरी. फसवलंय तुम्हाला."

"अहो, आम्हीच सांगून घालून आणतो," सासूबाई म्हणाल्या. "स्वल्प चिकोरी घातल्याशिवाय कॉफीला अंग येत नाही."

"मग त्याने पाकिटावर लिहायला हवं होतं."

"लिहिलंय की." मी पाकीट त्यांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "मग ठीक आहे. पुरावा आहे." नंतर मात्र चवीने दोन पेले प्याले. हे मला त्यांचं आवडायचं. पुरावा दिला की संशय जागच्या जागी सोडत. मनात किल्मिष ठेवत नसत. आमच्यासारख्यांचं कसं, पुरावा मिळाला तरी पदराला गाठ मारून एखादी शंका ठेवूनच द्यायची.

एकदा मासळीच्या दुकानात त्यांच्याबरोबर जायचा प्रसंग आला. दुकान मंगळूरकडच्या माणसाचं. सरांनी टोपलीतली एकेक तिसरी उचलून नखाने टकटक करायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार म्हणाला, "सार, एनु माडता इद्दीरा? काय करताय काय?" सर शांतपणे म्हणाले, "हाक मारतोय. जिवंत असेल ती मिटून घेते. जी तशीच उघडी राहते ती मेलेली." आणि मेलेल्यांचा वेगळा ढीग करून त्याच्यापुढे सरकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुकानदारही खमक्या. पुढच्या खेपेला सर दिसताच त्याने स्वतःच टोपली पुढे केली, "मारा हाक, सार."

त्यांचे हात मात्र बघवत नसत. जन्मभर प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले हात. बोटांची कातडी जाड झालेली, पांढुरकी, जागोजाग भेगाळलेली आणि खवले निघालेली. सासूबाई खोबरेल द्यायच्या. सर ते जेवणात घालून खायचे.

तर अशा माणसाने मुलांना मराठी शिकवायला घेतलं. त्याचं झालं असं, की आमच्या भागात मराठी घरं बरीच. आमच्यासारखी पिढ्यान् पिढ्या इथे मुरलेली, आणि पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेली नवी. दोघांच्याही मुलांच्या मराठीची सारखीच बोंब. सासूबाईंनी सरांना गळ घातली आणि आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रविवार सकाळचा वर्ग सुरू झाला. मला वाटलं, हा संशयी म्हातारा मुलांना उभं-आडवं घेणार. पण झालं उलटंच. मुलांवर त्यांनी कधीच संशय घेतला नाही. मुलाने "सर, मी खरंच केलं होतं, वही घरी राहिली" म्हटलं की सर म्हणत, "बरं." इतकंच. मी वर कपडे वाळत घालताना कान देऊन ऐकायचे.

एकदा पावसानंतर कुंड्यांवर गोगलगाई निघाल्या. सरांनी अख्खा वर्ग कुंड्यांपुढे उकिडवा बसवला.

"याला काय म्हणतात?"

"बसवनहुळु!" सगळे एका सुरात ओरडले.

"ते कन्नडात. मराठीत?"

"गोगलगाय," एकजण म्हणाला.

"बघा गंमत. कन्नडवाल्यांना यात बसव दिसला, म्हणजे नंदीबैल. मराठीवाल्यांना गाय दिसली. आणि तिच्याबद्दल आपली म्हण काय आहे?"

"गोगलगाय न् पोटात पाय!"

"शाब्बास. वरून गरीब, आतून बेरकी अशा माणसाला म्हणतात. पण नीट बघा, तिचा पाय खरंच पोटाखाली आहे. शास्त्रज्ञांनी ग्रीकमधून तिला जे नाव दिलं त्याचा अर्थही पोटपाय. आपल्या आज्यांना ते न शिकताच माहीत होतं."

मग त्यांनी मुलांना त्यांचा लाडका शब्द शिकवला. ग्रीसमधल्या कुणा जुन्या पंडिताने शंखशिंपल्यांच्या सगळ्या कुळाला दिलेलं नाव: ऑस्ट्राकोडर्मा. तो शब्द सर असा उच्चारत, जणू तोंडात खडीसाखर धरली आहे. मुलांनाही चढला. जिन्यावरून उतरताना सगळी पलटण ओरडत गेली, ऑस्ट्राकोडर्मा, ऑस्ट्राकोडर्मा! जाता जाता सर म्हणाले, "माझ्याकडे खूप आहेत. पुढच्या वेळी दाखवीन."

आता इथल्या मुलांच्या मराठीत एक कायमची खोट. 'कडे' आणि 'ला' यांची गल्लत. "मला सायकल आहे", "माझ्याकडे ताप आहे" असं खुशाल बोलतात. सर ते दर रविवारी सुधारत. वस्तू असली तर माझ्याकडे, आजार असला तर मला. घोकून घेत.

त्या रविवारी समोरच्या इमारतीतली अन्वी घरी गेली आणि आईला म्हणाली, "आई, सरांना ऑस्ट्राकोडर्मा आहे. खूप आहे."

अन्वीची आई सुप्रिया. पुण्याची, मोठ्या कंपनीत नोकरीला, पोरगी एकुलती एक. तिने फोनमध्ये शब्द टाकला. फोनने आपल्याच शहाणपणाने तो बदलून दुसराच घेतला आणि कातडीच्या कुठल्याशा दुखण्याची चित्रं दाखवली. मी पाहिली ती नंतर. बघवत नव्हती. आणि सरांचे हात तर सुप्रियाने रोज पाहिलेले. झालं! चित्रं आयांच्या ग्रुपवर गेली.

पुढच्या रविवारी वर्गाला निम्मी मुलं. त्याच्या पुढच्या रविवारी दोन, तीही आमच्या नात्यातली. खाली सरांकडे झाडायला येणारी मंगलम्मा दारातूनच म्हणाली, "स्वल्प तब्येत बरी नाही, अक्का," आणि आमच्या घरात मात्र ठणठणीत कामाला आली. गणपतीला सर दरवर्षी नारळाच्या वड्या करून घरोघर द्यायचे. त्या वर्षी डबे घेतले सगळ्यांनी, हसून घेतले, आणि सकाळी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात मला वड्या दिसल्या. सरांनाही दिसल्या असणार. त्यांच्या नजरेतून काय सुटायचं?

"वहिनी, काहीतरी शिजतंय," ते म्हणाले. "कोण काय म्हणतंय? मला पुरावा पाहिजे."

ग्रुपवरचं सगळं एव्हाना माझ्याकडेही आलं होतं. मी फोनच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सगळं वाचलं आणि चक्क हसायला लागले. "अहो, विभक्तीचा घोटाळा आहे हा! 'कडे'च्या जागी 'ला'! सगळ्यांना बोलवा. सांगून टाकू."

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. म्हणून सगळ्या पालकांना गच्चीवर बोलावलं, कॉफी केली. कॉफीला कुणी हात लावला नाही. सर उभे राहिले, नीट शर्ट खोचून, आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागले.

"हा आजार नाही. शब्द आहे. ऑस्ट्राकॉन म्हणजे खापर, फुटक्या मडक्याचा तुकडा. डर्मा म्हणजे कातडी. खापराची कातडी असलेले, असा त्याचा अर्थ."

सगळ्यांच्या नजरा सरांच्या हातांवर गेल्या. एवढा हुशार माणूस, पण कुठे थांबावं ते कळलं नाही. मला मागून ओरडावंसं वाटत होतं, सर, अर्थ नका सांगू!

"म्हणजे पुढे सगळंच अंग तसं होतं का?" एका आईने हळूच विचारलं.

"मला नाही हो. शिंपल्यांना!"

"शिंपल्यांपासून लागतं?" दुसरीने विचारलं. "मुलांनी हात लावलेत शिंपल्यांना."

"अहो, लागणार काय त्यात? कॅल्शियम आहे ते!"

सुप्रिया उभी राहिली. खोटं कशाला सांगू, ती उद्धट बोलली नाही. "सर, प्लीज गैरसमज नका करून घेऊ. आय रिअली रिस्पेक्ट यू. पण मुलांच्या बाबतीत मी रिस्क नाही घेऊ शकत. तुम्ही एखाद्या स्किन स्पेशालिस्टचं सर्टिफिकेट आणाल का? मग प्रश्नच मिटला."

माझं डोकंच फिरलं. "अगं, सत्तरीच्या माणसाकडे दाखला मागतेस? उद्या माझ्या हातची भाजी घ्यायला माझाही मागशील!" पण सरांनीच मला हाताने थांबवलं.

"नाही वहिनी. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पुरावा मागितला असता."

आणि गेले की! दवाखान्यात सकाळपासून रांगेत बसले. डॉक्टरने हात उलटसुलट पाहिले आणि सांगितलं, फॉर्मॅलिनने कोरडी पडलेली कातडी आहे, कुणाला काही लागत नाही, तेल लावा. तसं लिहून सही-शिक्का दिला. सर इतके खुशीत घरी आले, की येताना मुलांसाठी पेन्सिली घेऊन आले. दाखला त्यांनी सुप्रियाला स्वतः नेऊन दिला. तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला. थँक यू सर, असंही लिहिलं.

रविवारी मी लवकर उठून पत्र्याची खोली झाडून घेतली. कुणी आलं नाही.

दोन दिवसांनी भाजीवाल्याच्या गाडीवर माझ्या कानावर आलं. कोपऱ्यावरच्या बाई दुसरीला सांगत होत्या, "अहो, काही नव्हतंच तर दाखला आणायची वेळ का आली? आपण आणतो का कधी?" दुसरी म्हणाली, "आणि डॉक्टरचे दाखले काय, हवे तसे मिळतात." मी हातातली कोथिंबीर तिथेच टाकली आणि दोघींना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोग इतकाच झाला, की त्या दोघी माझ्याशीही बोलेनाशा झाल्या.

त्या संध्याकाळी सर जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी कॉफी नेऊन दिली. सासूबाईही येऊन बसल्या.

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "त्याच ग्रीकांच्या अथेन्स गावात एक चाल होती. एखादा माणूस नकोसा झाला की लोक त्याचं नाव खापरावर कोरायचे. अशी पुरेशी खापरं जमली, की त्याला दहा वर्षं गावाबाहेर काढायचे. ऑस्ट्राकॉन ते हेच. शिंपल्याला नाव दिलं तेही त्याच खापरावरून."

"गुन्हा काय असायचा त्याचा?" सासूबाईंनी विचारलं.

"गुन्हा लागायचा नाही. नुसता संशय पुरे."

"आपल्याकडे डोक्यावर खापर फोडतात, तिकडे त्यावर नाव लिहायचे," मी म्हटलं. "चालायचंच. लोक विसरतील, सर. दिवाळीपर्यंत पुन्हा मुलं येतील बघा."

सर हसले नाहीत. "मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला. कॉफीवाल्यावर, रिक्षावाल्यावर, तुमच्यावर. पण माझी एक श्रद्धा होती, वहिनी. पुरावा दिला की संशय संपतो. तेवढी एकच होती."

सासूबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांना तसंही डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यांनी धरलाच असता.

दिवाळीपर्यंत मुलं आली नाहीत. सर दर रविवारी वर जात, फळा पुसत, आणि खाली येत. मग एक दिवस म्हणाले, मालवणला पुतण्या बोलावतोय, तिथली शाळा मुलांना शिंपले दाखवायला बोलावेल म्हणतो. मी चटकन विचारलं, "पुतण्याची चौकशी केलीत का नीट?" "नाही," ते म्हणाले. "आता नाही करत." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

गेले त्या दिवशी टेंपो फाटकाशी उभा होता. पेट्या चढवून झाल्या होत्या. आमचे हे दोरखंड आवळत होते. सरांनी सासूबाईंच्या पाया पडून घेतलं, माझ्याकडे वळून "येतो वहिनी" म्हणाले आणि छत्री काखेत मारली. आजूबाजूच्या बाल्कन्यांतून माणसं बघत होती. खाली कुणी उतरलं नाही.

तेवढ्यात समोरून अन्वी पळत आली. शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर तसंच. मागे सुप्रिया गाडीचं दार उघडं टाकून उभी. पोरीला सगळं कुणी सांगितलं होतं की नव्हतं, देव जाणे. ती थेट सरांपुढे येऊन थांबली आणि वर्गातून उतरताना धरायची तसा त्यांचा हात धरायला तिने आपला हात पुढे केला.

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको बाळ," ते म्हणाले. "आई बघतेय. ओरडेल तुला."

सुप्रिया तिथूनच काहीतरी म्हणाली, "सर, नाही, तसं नाही..." असं काहीसं, पण तिचा आवाज टेंपोच्या आवाजात बुडाला. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"लांबून टाटा कर," सर अन्वीला म्हणाले. "तसा चालतो."

अन्वी मागे सरली आणि तिने जोरजोरात हात हलवला. सर पुढच्या सीटवर चढले. हात मांडीखाली घेऊन बसले आणि टेंपो वळेपर्यंत तिच्याकडे बघून मान हलवत राहिले.